दोन कुलुपांचा इतिहास

धारवाड शहर पश्चिमेकडे सरत आले की केलगेरी लागते. तेथून पुढे अळणावर, लोंढा असे करीत रस्ता गोव्याच्या दिशेने उतरू लागतो. दुसऱ्या बाजूस वीस-बावीस किलोमीटरांवर हुबळी, आणि हुबळी-धारवाडला लागूनच पुणे-बंगळूर हा मालमोटारींचा मोठा राजमार्ग. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख मुंबई राज्यातच मोडत असे. राज्यांच्या सीमा त्यानंतर बदलल्या. माणसांची ये-जा मात्र बदलली नाही. सोयरिकी, बाजार, दवाखाने आणि नोकऱ्या यांसाठी बेळगाव, मिरज, सांगली, कोल्हापूर, मडगाव या गावांशी धारवाडकरांचा जो राबता होता तो तसाच राहिला. अशा वाटांवरून धान्य येते, कापूस जातो, नाटक मंडळ्या येतात. आणि त्याच वाटांवरून रोगही चालत येतात. या भागाला त्याचा अनुभव जुना आहे.

१८९८ साली हुबळीत प्लेगने जो कहर केला, त्याच्या हकीकती जुन्या सरकारी कागदपत्रांत वाचावयास मिळतात. हाफकिन यांनी तयार केलेली लस त्या वर्षी हुबळीत हजारो लोकांना टोचण्यात आली, आणि लसीचा गुण मोठ्या लोकवस्तीवर पडताळून पाहण्याच्या कामी या गावाचे नाव वैद्यकाच्या इतिहासात नोंदले गेले. परंतु लस ही त्या काळाची एक बाजू झाली. दुसरी बाजू होती ती विलगीकरणाची. १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा आणि लागोपाठ आलेला १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा, या दोहोंच्या मुळाशी एकच विचार होता: रोगी हा आधी धोका आणि मग माणूस. सबब त्याला उचलावे, गावाबाहेर न्यावे, आणि दाराला कडी लावावी. पुण्यात या विचाराची परिणती कशात झाली हे मराठी वाचकाला निराळे सांगावयास नको. दत्तपूर येथे मनोहर दिवाण आणि पुढे आनंदवनात बाबा आमटे यांनी याच विचाराला उलटा प्रश्न विचारला. तरीही कायद्याच्या पुस्तकातील ती कडी फार काळ जागची हलली नाही.

ही कडी अखेर एका तरुणाच्या दाराला लागली, तीही प्लेगच्या काळात नव्हे तर १९८९ साली, आणि केलगेरीवरून जाणारा रस्ता जेथे पोहोचतो त्या गोव्यात.

डोमिनिक डिसूझा हे बार्देश तालुक्यातील पर्रा गावचे. वय तिशीच्या आतबाहेर. नित्यनेमाने रक्तदान करणारा तरुण. दिलेल्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्हीचा संसर्ग आढळला. ही वार्ता ज्याची त्याला सांगण्याऐवजी ती आधी पोलिसांकडे गेली. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी त्यांना नेले आणि म्हापशाजवळील एका वापरात नसलेल्या क्षयरोग इस्पितळाच्या इमारतीत पहाऱ्यात ठेवले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून अशा संसर्गित माणसाला वेगळे काढून ठेवण्याची तरतूद त्याआधीच करण्यात आली होती. अधिकाऱ्यांनी केवळ तिची अंमलबजावणी केली. चौसष्ट दिवस हा तरुण तेथे राहिला. त्याला ताप नव्हता, खोकला नव्हता, औषधोपचार चाललेला नव्हता. उपचारच नसलेल्या रोग्याला इस्पितळात कोंडण्याचा हा प्रकार वैद्यकाच्या कोणत्या प्रकरणात बसवावा?

त्यांच्या आई लुसी डिसूझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठापुढे अर्ज केला. आनंद ग्रोव्हर यांनी वकिली केली. पर्रा गावचे लोक डोमिनिक यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले, आणि हे विशेष नमूद केले पाहिजे, कारण रोगाच्या इतिहासात गाव रोग्याच्या बाजूने उभे राहिल्याची उदाहरणे फारशी नाहीत. डोमिनिक यांना घरी राहण्याची मुभा मिळाली. कायद्यातील सक्ती जाऊन तेथे अधिकाऱ्यांचा विवेक आला. परंतु कायदा म्हणून ती तरतूद न्यायालयाने ग्राह्यच धरली. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांचा विरोध आला तर व्यक्तीने मागे सरावे, असा निवाड्याचा आशय होता. डोमिनिक डिसूझा यांनी मग संसर्गित लोकांच्या साह्यासाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभारली आणि मे १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. गुणकारी औषधे जगाच्या हाती यावयास तेव्हा अजून चार वर्षे अवकाश होता.

हे झाले पहिले कुलूप, खोलीचे. दुसरे कुलूप औषधाच्या कपाटाला होते, आणि त्याचा इतिहास समजण्यासाठी थोडे लांब, लंडनपर्यंत जावे लागते.

मरणोन्मुख रुग्णांसाठी घर बांधण्याची कल्पना तशी जुनी आहे. फ्रान्समधील लियाँ शहरात १८४२ साली जान गार्निए या विधवा स्त्रीने असे काम आरंभिले. डब्लिनमध्ये १८७९ साली आणि लंडनच्या हॅकनी भागात १९०५ साली आयरिश जोगिणींनी अशी गृहे उघडली. तेथे अंथरूण स्वच्छ होते, प्रार्थना होती, माया होती. वेदना मात्र तशीच होती. रुग्ण ओरडू लागला की औषध द्यावयाचे, ते उतरले की पुन्हा ओरडण्याची वाट पाहावयाची, अशीच सर्वत्र रीत होती. कारण मॉर्फिन अधिक दिले तर व्यसन जडेल या धास्तीने डॉक्टरही हात आखडता घेत.

ही रीत मोडणाऱ्या सिसिली सॉन्डर्स या बाई आधी परिचारिका, मग इस्पितळातील समाजसेविका, आणि अखेर वयाच्या चाळिशीकडे झुकताना, १९५७ साली, डॉक्टर झाल्या. १९४८ साली त्यांच्या देखरेखीखाली असलेला डेव्हिड टास्मा नावाचा पोलिश ज्यू रुग्ण कर्करोगाने वारला. परक्या देशात मरणाऱ्या त्या माणसाजवळ पाचशे पौंडांची शिल्लक होती. ती त्याने बाईंच्या भावी घरातील खिडकीसाठी म्हणून ठेविली. पुढे हॅकनीच्या त्या जोगिणींच्या गृहात बाईंनी काही वर्षे शेकडो रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि एक साधी गोष्ट सिद्ध केली: मॉर्फिन घड्याळाच्या काट्यावर, वेदना परत येण्याआधीच, तोंडाने दिले तर रुग्ण गुंगत नाही, व्यसनी होत नाही, तो उठून बसतो, बोलतो, पत्रे लिहितो. वेदना केवळ शरीराची नसते, ती मनाची असते, घरच्या विवंचनेची असते, श्रद्धेच्या प्रश्नांचीही असते, आणि हे सारे मिळून एकच दुःख असते, हा त्यांचा दुसरा सिद्धांत. १९६७ साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हे गृह उघडले आणि त्यात टास्माची खिडकी बसली. कॅनडातील बाल्फर माउंट यांनी १९७० नंतरच्या दशकात या विद्येला ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव दिले. मराठीत कोणी उपशामक शुश्रूषा म्हणतात, कोणी परिहार सेवा. नावाने अडत नाही. रोग बरा होवो अथवा न होवो, रोग्याचे दुःख हलके करणे हेही वैद्यकाचे कर्तव्य होय, एवढा त्याचा अर्थ.

आता १९८६ हे साल पाहावे. या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या, आणि त्या घडवणाऱ्या माणसांना एकमेकांची बहुधा खबरही नसेल. मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरीच्या टेकडीवर, टाटा स्मारक रुग्णालयातील कर्करोगशल्यज्ञ डॉ. लुईस जोझे डिसूझा यांच्या खटपटीने ‘शांती आवेदना’ हे भारतातील पहिले असे गृह उघडले. मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी गोळा केलेल्या रक्ताच्या नमुन्यांत एचआयव्हीचा विषाणू प्रथम आढळला. आणि जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची तीन पायऱ्यांची शिडी प्रसिद्ध केली. वरच्या पायरीवर मॉर्फिन. म्हणजे रोग आला, शुश्रूषेचे घर आले, आणि औषध कसे द्यावे हेही कळले. इतके असूनही पुढील पंधरा वर्षे या तिघांची भेट होऊ नये, याला कारण आदल्याच वर्षी घडलेली चौथी गोष्ट.

१९८५ साली संसदेने अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा केला. हेतू उत्तमच होता. परंतु शिक्षा इतक्या कठोर आणि परवान्यांची जंत्री इतकी लांब की औषध दुकानदारांनी आणि इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात औषध न्यावयाचे तर आयातीचा, निर्यातीचा, वाहतुकीचा, बाळगण्याचा असे निरनिराळे परवाने, आणि एकाची मुदत भरेपर्यंत दुसरा हाती यावयाचा नाही. देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर शेकडो किलोंवरून घसरत १९९७ साली अवघ्या १८ किलोंवर आला. ज्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने अफू पिकते, गाझीपूर आणि नीमच येथे सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते, आणि जो देश जगाला वैध अफू पुरवतो, त्या देशाच्या रुग्णांची ही अवस्था! गोव्यात जसे संसर्गाच्या भयाने माणसाला कोंडले तसे येथे व्यसनाच्या भयाने औषधाला कोंडले. दोन्ही ठिकाणी कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गुन्हेगार होता, रुग्ण नव्हता.

बाहेरच्या जगात मात्र याच काळात नवे काही शिकले जात होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक रुग्णालयात १९८३ साली एड्सच्या रोग्यांसाठी वेगळा वॉर्ड सुरू झाला. तेथील परिचारिका हातमोजे न घालता रुग्णाचा हात धरीत, आणि तेवढीच गोष्ट त्या दिवसांत बातमी ठरे. लंडनमधील मिल्डमे हे जुने मिशन इस्पितळ १९८८ साली एड्सच्या रुग्णांची शुश्रूषा करू लागले. या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात आली, ती अशी की कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यासाठी घालून दिलेली घडी या रोगाला लागू पडत नाही. कर्करोगाचा रुग्ण एकदा उतरणीला लागला की वाट सहसा एकाच दिशेची असते. एचआयव्हीचा रुग्ण आज क्षयाने किंवा मेंदूज्वराने अगदी शेवटास आला असे वाटते, आणि योग्य औषध मिळाले तर दोन महिन्यांनी तो स्वतःच्या पायांनी चालत घरी जातो. मग पुन्हा कधी पडतो, पुन्हा उठतो. सबब ‘आता उपचार पुरे, केवळ शुश्रूषा’ अशी रेघ येथे मारताच येत नाही. औषध आणि शुश्रूषा या दोघींनी पहिल्या दिवसापासून हातात हात घालून चालावे लागते. आणि रुग्ण बहुतेक वीस ते चाळीस या वयाचे. म्हणजे ज्यांच्या हाताखाली लहान मुले आणि ज्यांच्या डोक्यावर म्हातारे आईबाप, अशी भरल्या घरची माणसे.

गरीब देशाला हे झेपेल काय, या शंकेचे उत्तर युगांडाने दिले. डॉ. अ‍ॅन मेरीमन यांनी १९९३ साली कंपाला येथे काम सुरू केले. मॉर्फिनची भुकटी पाण्यात कालवून, बाटलीत भरून, रंगाने तिचे प्रमाण ओळखावे अशी सोय त्यांनी केली. त्या देशात डॉक्टर कमी. म्हणून पुढे, २००४ साली, विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकांनाही मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार तेथील सरकारने दिला. आपल्याकडे त्याच वर्षी, १९९३ मध्ये, कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे केंद्र काढले, आणि केरळात गावोगावचे साधे लोक रुग्णांच्या घरी जाऊ लागले. मराठी मुलुखाने या बाबतीत केरळकडे पाहून घेण्यासारखे अद्याप पुष्कळ आहे.

मराठी मुलुखात एचआयव्हीचा पहिला तडाखा मुंबईला बसला, आणि मागोमाग सांगली, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांना. सीमेपलीकडे बेळगाव, बागलकोट, विजापूर, धारवाड हा पट्टा कर्नाटकातील अधिक प्रादुर्भावाचा ठरला. नवरा जायचा, वर्षा-दोन वर्षांत बायको जायची, आणि मागे मूल राहायचे, तेही कित्येकदा जन्मतःच संसर्ग घेऊन आलेले. शाळा त्याला नाकारी, चुलते-मामे वेगळ्या ताटात वाढीत. पुण्यात विजयाताई लवाटे यांनी १९९७ साली ‘मानव्य’ ही संस्था काढून अशा मुलांना घर दिले. पंढरपुरात मंगलताई शहा यांनी २००१ साली गोठ्यात टाकून दिलेल्या दोन चिमुकल्या मुली घरी आणल्या, आणि त्यातून ‘पालवी’ उभी राहिली. लातूर, बीड, अहमदनगर, बेळगाव येथेही कोणी ना कोणी असे पुढे आले. उपशामक शुश्रूषा हा शब्द यांतील पुष्कळांनी तेव्हा ऐकलाही नसेल. तोंडात बुरशी येऊन गिळता येईना झालेल्या मुलाला चमच्याने पेज भरविणे, जुलाबाने खंगलेल्या लेकराचे अंग कोमट पाण्याने पुसणे, आणि रात्री त्याच्या उशाशी बसणे, हेच ते काम होते. वेदना असह्य झाली म्हणजे मात्र या घरांजवळ साध्या तापाच्या गोळीपलीकडे फारसे काही नसे. कपाटाचे कुलूप ते हेच.

औषधाची कथा तर अधिकच विचित्र आहे. तीन औषधे एकत्र दिली असता विषाणू दबून राहतो आणि मरणाच्या दारातला माणूस परत येतो, हे १९९६ साली जगाला कळले. पण त्या औषधांचा वर्षाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलरांच्या घरात! २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी हीच औषधे वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली आणि साऱ्या जगाचा हिशेब बदलला. आफ्रिकेसाठी मुंबईच्या कारखान्यांतून पेट्या निघू लागल्या. त्याच मुंबईपासून चारपाचशे किलोमीटरांवरच्या खेड्यात मात्र रुग्ण त्या गोळ्यांवाचून मरत होता, कारण ३५० डॉलर ही रक्कमही त्याच्या वर्षाच्या कमाईपेक्षा कमी नव्हती. भारत सरकारने मोफत औषधयोजना सुरू केली ती १ एप्रिल २००४ रोजी, प्रारंभी फक्त आठ रुग्णालयांत. महाराष्ट्रात मुंबईचे जे. जे., कर्नाटकात बंगळूरचे बाउरिंग. केलगेरीच्या रुग्णाने त्या वेळी सरकारी औषध घ्यावयाचे म्हटले तर चारशेहून अधिक किलोमीटरांचा प्रवास. आणि औषध रोजचे, जन्मभराचे. पुढे हुबळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केंद्र निघाले तेव्हा हा प्रवास तासाभराच्या बसवर आला.

मुलांचे मात्र आणखी अडले. त्यांच्या वजनाच्या गोळ्याच सरकारी पुरवठ्यात नव्हत्या. मोठ्या माणसाची गोळी सुरीने मोडावी, अर्धी मुलाला द्यावी, अशी वेळ होती. अर्ध्या गोळीत औषध अर्धेच उतरेल याची शाश्वती कोण देणार? मुलांसाठीची राष्ट्रीय योजना ३० नोव्हेंबर २००६ रोजी सुरू झाली. एकोणीसशे नव्वदच्या दशकात जन्मलेली कित्येक बालके तोपर्यंत गेली होती. जी तग धरून राहिली तीच आजची तरुण पिढी.

आणि येथे या इतिहासाला एक अनपेक्षित वळण लागते. मरणार म्हणून ज्यांच्यासाठी घरे बांधली ती मुले जगली. ती दहावीला बसली, त्यांना मिसरूड फुटले, मुली न्हात्याधुत्या झाल्या. थोड्या उशिरानेच, कारण या रोगात वाढ खुंटते आणि वयात येणेही लांबते. संस्थाचालकांजवळ अंत्यसंस्काराची तयारी होती, लग्नाच्या प्रश्नाची नव्हती. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की २००५ ते २०१२ या काळात एड्समुळे होणारे एकंदर मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, पण दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींचे मृत्यू सुमारे ५० टक्क्यांनी वाढले. औषध उपलब्ध असता हे का घडावे?

याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. ज्या मुलाला ‘ही ताकदीची गोळी आहे’ असे सांगून दहा वर्षे औषध दिले, त्याला चौदाव्या वर्षी गोळीच्या डबीवरचे नाव वाचता येते. आई कशाने गेली, बाप कशाने गेला, आपल्याला खरे का सांगितले नाही, हे प्रश्न एकदम उभे राहतात; आणि त्या वयाच्या रागात तो गोळी गादीखाली ढकलतो. विषाणू डोके वर काढतो, पहिल्या फळीची औषधे निरुपयोगी होतात, दुसऱ्या फळीची शोधावी लागतात. ती आपल्या देशात सरकारी रीतीने २००८ पासून मिळू लागली. संघटनेने २०११ साली मार्गदर्शन केले की शाळकरी वयातच, मुलाच्या समजुतीच्या बेताने, टप्प्याटप्प्याने सत्य सांगत जावे. सांगणे सोपे नाही. शिक्षकाला ठाऊक नसते, आजीला शब्द सापडत नाहीत, आणि डॉक्टरपुढे रांग असते. सॉन्डर्सबाई ज्या समग्र वेदनेविषयी बोलत होत्या तिचे याहून नेमके उदाहरण क्वचितच मिळेल: शरीरात पायांच्या जळजळीची कळ, मनात आईबापांचा न फिटलेला शोक, घरी खर्चाची विवंचना, आणि ‘माझा काय अपराध?’ हा प्रश्न. जुन्या औषधांपैकी स्टॅव्ह्युडिन नावाच्या एका औषधानेच पायांच्या नसा दुखावत. जीव वाचविणाऱ्या गोळीने दिलेली ती वेदना होती. २०१० च्या सुमारास जगभर ते औषध मागे घेण्यात येऊ लागले, तरी ज्यांच्या नसा दुखावल्या त्यांच्या त्या दुखावलेल्याच राहिल्या.

म्हणूनच मुलांच्या उपशामक शुश्रूषेची व्याख्या निराळी करावी लागली. रोगाचे निदान झाले त्याच दिवशी ती सुरू व्हावी, आणि रोगावर औषध चालू असो वा नसो, ती चालू राहावी, असे संघटनेने १९९८ सालीच म्हटले होते. महाराष्ट्रात त्याला काही एक रूप आले ते २०१० मध्ये. टाटा स्मारक रुग्णालय, भारतीय उपशामक शुश्रूषा संघटना आणि मुलांच्या या शुश्रूषेसाठी झटणारे आंतरराष्ट्रीय मंडळ यांनी मिळून राज्यात एक प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी निवडलेली ठिकाणे पाहण्यासारखी आहेत: एक मुंबईचे शीव येथील महापालिकेचे लोकमान्य टिळक रुग्णालय, आणि दुसरे आदिवासी भागातले जव्हारचे कुटीर रुग्णालय. कर्करोगापुरते न थांबता एचआयव्ही, रक्ताचे आजार, मेंदूचे विकार अशी दीर्घकाळ सोबत करणारी सारी दुखणी त्यात धरली होती. महाराष्ट्राने २०१२ साली राज्याचे धोरण ठरविले. त्याच वर्षी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला. कर्नाटकाचे धोरण २०१६ चे. आणि २०१४ च्या फेब्रुवारीत संसदेने १९८५ च्या त्या कायद्यात दुरुस्ती करून कपाटाचे कुलूप काढले. अत्यावश्यक अशा औषधांसाठी निरनिराळ्या परवान्यांऐवजी एकच मान्यता पुरे झाली. डॉ. राजगोपाल आणि त्यांचे सोबती यांनी त्यासाठी जवळजवळ दोन तपे खेटे घातले होते. कुलूप निघाले खरे. पण तीस वर्षांत डॉक्टरांची एक अखंड पिढी मॉर्फिन न वापरताच शिकून तयार झाली होती, आणि कायदा बदलल्याने हाताची सवय बदलत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी आजही हे औषध मागितले तर दुकानदार वर मान करून पाहतो.

दुसऱ्या बाजूला काही हातचे गेलेही. एड्स नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात धर्मादाय संस्थांच्या हाती चालणारी काळजी केंद्रे होती. औषध सुरू करतानाचे पहिले कठीण दिवस रुग्णाने तेथे राहून काढावेत, घरी जाण्याइतकी ताकद आली की जावे, अशी ती व्यवस्था. २०१३ च्या सुमारास ती केंद्रे बंद झाली व त्यांच्या जागी सल्ला आणि पाठपुरावा करणारी केंद्रे आली. रुग्ण आता जगू लागले, खाटांची गरज संपली, असा हिशेब त्यामागे होता. सरासरीच्या दृष्टीने तो चूक नव्हता. सरासरीत न बसणाऱ्या मुलाने, म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्या फळीचे औषधही चालेना झाले आणि ज्याच्या घरी कोणी उरले नाही अशा मुलाने, कोठे जावे हे मात्र त्या हिशेबात लिहिलेले नव्हते. बालगृहात राहावे तर अठरा वर्षे पूर्ण होताच बाहेर पडावे लागते; नंतरच्या देखभालीची कायद्यात जी तरतूद आहे ती सर्वसाधारणपणे एकवीस वर्षांपर्यंतची. त्याच सुमारास त्याला मुलांच्या बाह्यरुग्ण विभागातून मोठ्यांच्या विभागात जावे लागते. तेथे त्याला लहानपणापासून ओळखणारा डॉक्टर नसतो.

एचआयव्ही-एड्सविषयीचा केंद्राचा कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. डोमिनिक डिसूझा यांना ज्या कारणासाठी कोंडले ते कारण आता कायद्याच्या उलट बाजूस गेले आहे. या रोगापायी शाळा, नोकरी, दवाखाना, भाड्याचे घर यांत भेदभाव करणे मना आहे, आणि संमतीवाचून तपासणी किंवा वाच्यता करता येत नाही. भारतात आज सुमारे पंचवीस लाख माणसे हा संसर्ग घेऊन जगत आहेत आणि त्यांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे, हे ध्यानी घेता या कायद्याची माहिती शाळाशाळांतून असावयास हवी होती. ती आढळत नाही.

या कायद्यातील एक कलम फारसे चर्चिले जात नाही. आईबाप गेलेल्या किंवा अंथरुणास खिळलेल्या घरात, बारा ते अठरा वर्षांचे समजदार मूल आपल्या धाकट्या भावंडाचे पालक म्हणून सही करू शकते: शाळेच्या प्रवेशासाठी, दवाखान्याच्या कागदांसाठी, बँकेच्या खात्यासाठी. बारा वर्षांच्या मुलीवर घर चालविण्याची पाळी येते, हे जाणूनच विधिमंडळाने ते कलम घातले असणार. हुबळीच्या केंद्रात औषधाची रांग लागते तेव्हा धाकट्याचे हिरवे-पांढरे पुस्तक हातात धरून उभ्या असलेल्या थोरल्या बहिणीला आता तेथील कारकुनाने ‘मोठे माणूस घेऊन ये’ असे म्हणावयाचे कारण उरलेले नाही. तिच्या स्वतःच्या झोपेचे, शाळेचे आणि दुखण्याचे काय, याविषयी ते कलम काही सांगत नाही. ते काम शुश्रूषेच्या खात्यात पडते, आणि त्या खात्याचा माणूस केलगेरीच्या दारापर्यंत येतो की नाही यावर ते अवलंबून आहे.